भुईखालचे पाणी कोणाचे?

पाऊस बरा झालेल्या वर्षीही फाल्गुन सरला की राज्यातील कित्येक गावांच्या विहिरी तळ दाखवू लागतात आणि सरकारदरबारी टँकरांची तजवीज सुरू होते. अशा वेळी आभाळास दोष देण्यापूर्वी आपण आपला हिशेब तपासावा, हे बरे.

जमिनीखालचे पाणी जमीनमालकाने हवे तितके उपसावे, हा हक्क १८८२ च्या ईझमेंट कायद्याने मान्य केला. परंतु काळ्या कातळाच्या भेगांत साठलेले पाणी बांध ओळखत नाही. शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर घेतली की आपण तीनशे फूट घ्यावयाची. जो संयम पाळील त्याच्या वाट्याचे पाणी दुसऱ्याच्या उसास जाईल. तशात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस वीज मोफत झाली. शेतकऱ्यास दिलासा हवा, याविषयी आमचे दुमत नाही. तथापि उपशास काडीचाही खर्च नाही म्हटल्यावर पंप बंद कोणी व का करावा? २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट वा त्याहून खोल विहिरींस मनाई आहे. ती मनाई कागदावर राहिली आणि बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरत राहिल्या.

सामाईक वस्तूचा नाश अटळ आहे, असे १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते. वापरणारेच नियम करून ती राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखविले व २००९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आम्हांस त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणीपंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा एकरांवर न ठरता घरातील माणसांवर ठरला. भूमिहीनासही तो मिळाला, आणि उसास मज्जाव झाला. हिवरे बाजार तर पाऊस व विहिरींची पातळी मोजून पिके ठरविते.

शहरवासीयांनीही हा प्रश्न खेड्याचा म्हणून बाजूस सारू नये. गृहसंस्थांच्या आवारातील बोअर त्याच कातळात उतरतात.

सरकारने प्रत्येक ग्रामसभेपुढे रब्बीच्या पेरणीपूर्वी पाण्याचा मोजलेला ताळेबंद ठेवावा, जादा उपसा थांबविण्याचा अधिकार तिला द्यावा, आणि त्या सभेत विहीर नसलेल्याचे मतही मोजावे.