मार्गारेट ‘नाही’ का म्हणाली?

ब्रिटनच्या राजघराण्यातल्या लव्हस्टोऱ्यांमध्ये डायनाचा नंबर पहिला, मान्य. पण माझा जीव अडकलाय तो राणी एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीत. प्रिन्सेस मार्गारेट. देखणी, नखरेल, लांबलचक होल्डरमधून सिगारेट ओढणारी. ताईच्या अगदी उलटं टोक!

हीरो पीटर टाऊनसेंड. रॉयल एअर फोर्सचा ग्रुप कॅप्टन, नंतर तिच्या वडिलांच्या, म्हणजे राजे सहाव्या जॉर्ज यांच्या दिमतीला आलेला. तिच्यापेक्षा जवळपास सोळा वर्षांनी मोठा, दोन मुलांचा बाप आणि १९५२मध्ये घटस्फोट झालेला. घोडं पेंड खात होतं ते इथेच. २ जून १९५३ला ताईचा राज्याभिषेक झाला आणि त्या गर्दीत मार्गारेटनं टाऊनसेंडच्या युनिफॉर्मवरची लव हातानं अलगद झटकली. बस्स, पत्रकारांना तेवढं पुरलं. (ऑफिसात कुणी कुणाच्या शर्टावरचा धागा काढला की लंचपर्यंत बातमी फिरते ना, सेम टू सेम.) साहेबांची बदली थेट ब्रुसेल्सला!

तेव्हा १७७२चा रॉयल मॅरेजेस अ‍ॅक्ट लागू होता. पंचविशीच्या आत राणीच्या परवानगीशिवाय लग्न नाही. त्यानंतर प्रिव्ही कौन्सिलला नोटीस द्यायची, वर्षभर थांबायचं आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तर बार उडवायचा. त्यात राणी चर्च ऑफ इंग्लंडची प्रमुख आणि चर्चला घटस्फोटितांचं दुसरं लग्न नामंजूर. गंमत बघा, पंतप्रधान अँथनी ईडन स्वतः घटस्फोट घेऊन दुसऱ्यांदा बोहल्यावर चढलेले!

मार्गारेटला पंचवीस वर्षं पूर्ण झाली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ला तिचं निवेदन आलं. चर्चची शिकवण आणि राष्ट्रकुलाविषयीचं कर्तव्य यांचा मान राखून मी हे लग्न करणार नाही. सगळं जग हळहळलं. ‘बिचारी!’

पण २००४मध्ये जुनी सरकारी कागदपत्रं खुली झाली आणि स्टोरीत ट्विस्ट आला. ईडन आणि राणीनं मधला मार्ग काढायला घेतला होता. मार्गारेटची पदवी राहणार, भत्ताही राहणार, फक्त तिनं स्वतःचा आणि मुलांचा गादीवरचा हक्क सोडायचा. ती तेव्हा चार्ल्स आणि अ‍ॅन यांच्यामागे तिसरी. म्हणजे सोडण्यासारखं तसं फार नव्हतंच. त्याच ऑगस्टमध्ये तिनं ईडनना पत्र लिहिलं होतं, की त्याला भेटल्यावरच लग्न करायचं की नाही हे मला ठरवता येईल.

‘की नाही’! मला तर हे दोन शब्द फार आवडले. दोन वर्षांच्या दुराव्यात प्रेम थोडं विरलं असेल, तर तो हक्क तिला नको का? आपल्याला मात्र हिरॉइन रडवेलीच हवी असते.

पुढे १९६०मध्ये तिनं फोटोग्राफर अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्सशी लग्न केलं. टीव्हीवर दिसलेलं राजघराण्यातलं पहिलं लग्न. आणि १९७८मध्ये घटस्फोट. जी गोष्ट टाऊनसेंडच्या नावावर डाग होती, तीच तिच्याही वाट्याला आली.

९ फेब्रुवारी २००२ला मार्गारेट गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं घटस्फोटितांना अपवाद म्हणून चर्चमध्ये पुन्हा लग्न करायला मुभा दिली. २०१५मध्ये तो १७७२चा कायदाही रद्द झाला. आता फक्त गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांनाच परवानगी लागते. २०१८मध्ये हॅरीनं घटस्फोटित मेगनशी लग्न केलं, तेही विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपेलमध्ये, आणि लग्न लावलं खुद्द आर्चबिशप ऑफ कँटरबरींनी.