आधी पेला, मग पक्षी

सुट्टी लागली की हस्तकला शिबिरांचे फलक गल्लोगल्ली झळकू लागतात आणि त्यांच्या यादीत ओरिगामी हमखास असते. सात-आठ वर्षांच्या मुलांपुढे रंगीत कागदांचे पाकीट ठेवले जाते आणि पहिल्याच दिवशी करायला घेतला जातो तो जपानी क्रौंच पक्षी. वीसेक घड्या. त्यातल्या कितीतरी घालून पुन्हा उलगडायच्या, मधेच कागदाचा एक थर उचलून लांबट, चपटा करायचा. सातव्या-आठव्या घडीला अर्धा वर्ग ‘ताई, माझं होत नाहीये’ म्हणू लागतो. मग ताईच बाकाबाकापाशी जाऊन उरलेले पक्षी पुरे करतात. संध्याकाळी पक्षी घरी येतो, त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. त्याच मुलाला दुसरा पक्षी करायला सांगितला तर मात्र पंचाईत.

अवघड टोकाकडून सुरुवात करण्याची ही हौस आता सोडायला हवी. नवख्या हातांना पहिल्यांदा द्यावा तो पेला.

पेल्याला पाच घड्या लागतात. चौरस कागद कर्णावर दुमडायचा, की त्रिकोण झाला. लांब बाजू आपल्याकडे, टोक वर. आता खालचे उजवे टोक उचलून समोरच्या डाव्या तिरप्या कडेवर टेकवायचे, पण अशा बेताने की दुमडलेल्या भागाची वरची कड खालच्या पायाला समांतर राहील. डावे टोक तसेच उजवीकडे. वर दोन थर मोकळे उरतात. पुढचा पुढे दुमडून समोरच्या खिशात खोचायचा, मागचा मागे. बाजूंनी हलकेच दाबले की पेला तोंड उघडतो. यातली दुसरी घडी खरी गमतीची. टोक नेमके कुठे टेकवायचे याची खूण कागदावर नसते. ते नजरेनेच ठरवावे लागते. पहिल्या खेपेला पेला कलतो, तिसऱ्या खेपेला सरळ उभा राहतो, आणि का कलला होता हे मुलाला कुणी सांगावे लागत नाही. कोऱ्या कागदाचा असेल तर त्यात घोटभर पाणीही टिकते. छापील कागदाच्या पेल्यात मात्र खाण्यापिण्याचे काही घालू नये. खडू, मणी, शंखशिंपले ठेवावेत.

क्रौंचाचा मान कमी करण्याचा हा प्रकार नाही. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. रक्ताच्या कर्करोगाने १९५५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी ती गेली. हजार क्रौंच केले की मनातली इच्छा पुरी होते, या समजुतीने ती इस्पितळात पक्षी घडवत राहिली. कागद कमी पडू लागला तेव्हा तिने औषधांच्या वेष्टनांचे कागदसुद्धा वापरले. हिरोशिमाच्या शांतता उद्यानात १९५८ मध्ये उभारलेल्या मुलांच्या स्मारकाकडे आजही जगभरातून कागदी क्रौंच येतात. जगातली सर्वांत प्रसिद्ध ओरिगामी अशी मिळेल त्या कागदाची आहे. आपल्याकडे मात्र दुकानातले महागडे ‘किट’ आणल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

किटची गरजच नाही. एका बाजूला छापलेला ए-फोर कागद प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात पडून असतो. त्याची आखूड कड लांब कडेवर आणून तिरपी घडी घातली आणि उरलेली पट्टी कापली, की २१ सेंटिमीटरचा चौरस मिळतो. लहान बोटांना तो बाजारातल्या १५ सेंटिमीटरच्या कागदापेक्षा सोयीचा. पट्टी कापण्याआधी एक करून पाहावे. त्या तिरप्या घडीवर दुसऱ्या ए-फोर कागदाची लांब कड ठेवावी. दोन्ही लांबी तंतोतंत जुळतात. कारण या कागदाच्या बाजूंचे गुणोत्तरच एकास दोनाचे वर्गमूळ असे ठरवलेले आहे आणि चौरसाचा कर्णही बाजूच्या तितक्याच पट असतो. आठवी-नववीत जी संख्या फळ्यावर नुसती लिहिली जाते, ती इथे दुसरीतल्या मुलाच्या हातात येते.

जुन्या लग्नपत्रिकांचेही तसेच. त्यांचा कागद जाड, म्हणून पक्ष्याला कुचकामी. पण उड्या मारणाऱ्या बेडकाला तोच हवा. बेडकाच्या पाठीमागची दुहेरी घडी स्प्रिंगचे काम करते आणि पातळ कागदात तो जोर नसतो. दोन कागदांचे दोन बेडूक करून कोणता लांब उडतो ते पाहिले, की पदार्थविज्ञानाचा एक धडा फरशीवरच होऊन जातो.

आणि वर्तमानपत्राची टोपी! तीच टोपी मधून उघडून उलट्या दिशेने चपटी केली आणि पुढे दुमडत नेली की होडी होते. मग गोष्ट सांगायची: वादळ आले, होडीचे पुढचे टोक तुटले, मागचे तुटले, वरचे शीडही गेले. सांगता सांगता तिन्ही टोके फाडायची आणि कागद उलगडून दाखवायचा. हातात राहतो तो कप्तानाचा सदरा. पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचा जो मार्ग रुळवला, त्यात अशा कागदी टोप्यांना मानाची जागा आहे. गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तरी शाळांच्या कार्यानुभवाच्या तासाला थर्माकोलचे ताजमहाल काही थांबलेले नाहीत.

घड्यांना हलके समजणाऱ्यांनी तंडलम सुंदर राव यांचे नाव ऐकायला हवे. मद्रासेत १८९३ साली त्यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक काढले. बालवाडीतल्या घडीकामावरून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. साहित्य काय, तर एक चाकू आणि कागदाचे कपटे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये ते शिकागोहून पुन्हा छापले गेले. पुढे तर घडीने कंपासलाही मागे टाकले. प्रत्येक कोनाचे पट्टी-कंपासने तीन समान भाग करता येतातच असे नाही, हे गणिती वांट्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले होते; घडी घालून ते करता येतात, आणि जपानच्या हिसाशी आबे यांची त्यासाठीची रीत शाळकरी मुलालाही जमण्यासारखी आहे.

आता व्हिडिओबद्दल. मोबाइलवर बघून घड्या घालणारे मूल पुढच्या हातांची नक्कल करते. व्हिडिओ बंद झाला की हातही थांबतात. आकृती वाचणाऱ्या मुलाचे तसे होत नाही. आधुनिक ओरिगामीचे आद्य गुरू आकिरा योशिझावा कारखान्यात नोकरीला असताना नव्या कामगारांना घड्यांतून भूमिती समजावत. तुटक रेघ म्हणजे कागद आपल्याकडे दुमडा, रेघ आणि टिंब म्हणजे मागे दुमडा, बाण म्हणजे दिशा: ही खुणांची लिपी त्यांनी १९५०च्या दशकात रूढ केली. आज ती टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत चालते. पाच-सहा खुणा शिकायला अर्धा तास पुरतो, आणि मग जपानी भाषेचे अक्षरही न कळता जपानी पुस्तकातली होडी पुण्यातले पोर करू शकते. शिबिरांनी पहिल्या दिवशी पेला करून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी या खुणा शिकवाव्यात. पक्षी आठवड्याच्या शेवटी आला तरी चालेल.

शिकवणाऱ्याने पथ्ये दोनच पाळावीत. घडी हवेत नाही, टेबलावर किंवा फरशीवर घालायची आणि नखाने पक्की करायची. दुसरे पथ्य मोठ्यांना जड जाते: मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही, दाखवायचे ते आपल्या वेगळ्या कागदावर. रद्दीत टाकण्याआधी या अंकाचे एक जोडपान घरातल्या मुलाला द्यावे, दुसरे स्वतः घ्यावे आणि टोपीपासून सुरुवात करावी. त्याची टोपी वाकडी झाली तर ती तशीच डोक्यावर चढू द्यावी.