गोठ्यातल्या गोष्टी : आंब्याच्या साली गुरांना घालाव्या का?

मे महिना लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे आमरसाचे कारखाने जोरात सुरू होतात आणि त्यांच्या मागच्या दारी साली-बाठ्यांचे ढीग साचतात. नेमके याच वेळी डोंगर उघडे पडलेले, गवत करपलेले आणि गुरांपुढे नुसता भाताचा पेंढा. मग पुष्कळ जण विचारतात, या साली गुरांना चालतील का? चालतील. पण आमच्या शेजारच्या काकूंकडे काय घडले ते आधी ऐका.

काकूंनी दोन पोती साली आणून पडवीत ठेवल्या होत्या. रात्री दोन शेळ्या दावे सोडवून तिथे पोचल्या. साल गोड, शेळी कसली थांबते! सकाळी पाहावे तो रवंथ बंद, पोट डबडबलेले, हगवण पातळ आणि आंबूस वासाची. डॉक्टर येईपर्यंत गाभण शेळी गेली. दुसरी कशीबशी वाचली.

सालीत साखर भरपूर असते. ती एकदम पोटात गेली की आंबते, आम्ल वाढते आणि चारा पचवणारे जंतू मरतात. म्हणून सुरुवातीला शेळी-मेंढीला ओंजळभर, गाईला अर्धा-पाऊण किलो, एवढेच घाला आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. मी स्वतः शेळीला किलोभर आणि गाईला पाच-सहा किलो ओल्या सालीपुढे जात नाही. तीही आधी पेंढा खाऊ घालून. शेळ्या-मेंढ्यांना पावसाळ्यापूर्वीची आंत्रविषाराची लस टोचली आहे ना, तेही पाहा.

सालीत प्रथिने थोडी, पेंढ्यातही थोडी. तेव्हा साल आली म्हणून पेंड बंद करू नका. बांधावर गिरिपुष्प किंवा शेवरी असेल तर तिचा पाला जोडीला द्या. सालीत पाणीच फार, म्हणून लांबून भाडे भरून आणण्यात काही राम नाही.

ओली साल दुसऱ्या दिवशी आंबते, माशा घोंगावतात. जास्त मिळाली तर मुरघास करा. चार भाग सालीला एक भाग पेंढ्याची कुट्टी मिसळा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून दाबून हवा काढा आणि तोंड घट्ट बांधा. दीड महिन्याने, म्हणजे ऐन पावसात, घालायला होते. बुरशी दिसली तेवढा भाग उकिरड्यावर टाका.

आता बाठ्याविषयी. सालीतून बाठे वेचून काढायलाच हवेत. गाय बाठा न चावता गिळते आणि तो नरड्यात अडकतो. मान ताठ, लाळ गळते, पोट फुगू लागते. अशा वेळी काठीने ढोसू नका, तडक डॉक्टरांना बोलवा. बाठे फोडून आतला गर खाऊ घालता येतो, पण तो तुरट असतो. तुकडे करून पाण्यात भिजवावे, ते पाणी फेकावे, मग कडक उन्हात वाळवून भरडावे आणि आंबोणात थोडेसेच मिसळावे. एक-दोन जनावरांसाठी एवढी खटपट मी तरी करीत नाही.