पिंप त्यांचे, झिंग आमची!

बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेसे यांचा विवाह १२ ऑक्टोबर १८१० रोजी म्युनिक नगरात झाला. राजवाड्यातील आनंदात प्रजेलाही वाटा मिळावा म्हणून पाच दिवसांनी वेशीबाहेरच्या माळावर घोड्यांच्या शर्यती झाल्या. त्या माळाला नववधूचे नाव मिळाले आणि टेरेसियनवीझ हे नाव तो आजही मिरवतो. पुढच्याच वर्षी तेथे शेतकी प्रदर्शन भरले. आज जगभर ‘ऑक्टोबरफेस्ट’ या नावाने ओळखला जाणारा बिअरचा महोत्सव मुळात हा असा होता. एक लग्न, काही घोडे आणि सुगीच्या दिवसांत गावात आलेले शेतकरी. बिअर होतीच, पण ती लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी. पाहुणा यजमान केव्हा होऊन बसला, हे त्या नगरालाही नेमके सांगता येणार नाही.

२०२३ साली हा उत्सव १६ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर असा चालला आणि १९ ते २८ सप्टेंबर हा आपला संपूर्ण गणेशोत्सव त्याच्या पोटात सामावून गेला. नोकरी-शिक्षणानिमित्त म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी तरुणांची संख्या आता लहान नाही. त्यांच्यापैकी एखादा पुणेकर अभियंता अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी कार्यालयातील सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्या माळावर गेला असेल, तर त्याने काय पाहिले असेल?

एकेका तंबूत हजारो माणसे दाटीवाटीने लाकडी बाकांवर बसलेली. पुरुषांच्या अंगावर गुडघ्यापर्यंतची चामडी तुमान, स्त्रियांच्या अंगावर बव्हेरियाच्या खेड्यांतून आलेला घेरदार पोशाख. दोन्ही हातांत लिटरभराचे दहा-बारा पेले सावरत लगबगीने फिरणाऱ्या वाढपिणी. मधोमध उंच मंचावर पितळी वाद्यांचा ताफा. हा सारा धिंगाणाच, असे आपण म्हणू. परंतु त्या धिंगाण्यालाही कुंपण आहे. बसायला जागा मिळाल्याशिवाय पेला मिळत नाही. बाकावर उभे राहता येते, मेजावर चढता येत नाही. संध्याकाळी सहापर्यंत वाद्ये पारंपरिकच हवीत आणि आवाज ८५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, हा दंडक २००५ पासून आहे. मोठ्या तंबूंत रात्री साडेदहाला शेवटचा पेला, साडेअकराला तंबू बंद. म्युनिकच्या सहा मद्यनिर्मिती संस्थांखेरीज दुसऱ्या कोणाची बिअर तेथे विकली जात नाही. पहिले पिंप दरवर्षी नगराचा महापौर स्वतःच्या हाताने उघडतो आणि पहिला पेला बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्याला देतो. १९५० पासून ही प्रथा चालत आली आहे.

आणि नावाविषयीची त्यांची जागरूकता पाहा! दुबईत कोणी त्याच नावाने मोठा उत्सव भरवण्याची जाहिरात केली, तेव्हा म्युनिक नगरपालिका थेट न्यायालयात गेली आणि २०२१ मध्ये तिने मनाईहुकूम मिळवला. आमचे ते आमचेच, ही भूमिका त्यांनी घेतली म्हणून त्यांना कोणी संकुचित म्हटले नाही. हीच भूमिका आपल्याकडे कोणी आपल्या उत्सवांविषयी घेतली असती, तर ‘संस्कृतिरक्षक’ हा शब्द शिवीसारखा वापरून दोन-चार अग्रलेख सहज पडले असते.

पण त्या रात्रीचे हे झाले एक अंग. तंबूंच्या मागे एक गवताळ उतार आहे. पिऊन कोसळलेले तरुण तेथे पडलेले असतात आणि त्या उताराला म्युनिककरांनी दिलेले नाव ओकारीचे आहे. शुद्ध हरपलेल्यांसाठी त्यांच्या भाषेत ‘बिअर-प्रेते’ असा शब्दच आहे. स्त्रियांना सुरक्षित घरी पोहोचता यावे म्हणून २००३ पासून तेथे स्वतंत्र मदतकेंद्र चालवावे लागते. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर विकत घेता येते. या उत्सवाची बिअर तर नेहमीपेक्षा कडक, सुमारे सहा टक्के मद्यार्काची, आणि २०२५ मध्ये तिच्या एका पेल्याची किंमत साडेचौदा युरोंच्या वर, म्हणजे सुमारे दीड हजार रुपये होती. २०२३ मध्ये ७२ लाख लोक त्या माळावर येऊन गेले. त्याच वर्षाच्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे स्पष्ट केले होते. मूळ निमित्त कितीही मंगल असो, बाजार त्यावर स्वार झाला की काय उरते, ते पाहायला त्या उतारावर जावे.

आता मुंबई, पुणे, बंगळुरूकडे वळावे. गेली कित्येक वर्षे सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला की पंचतारांकित हॉटेले आणि मद्यगृहे ‘ऑक्टोबरफेस्ट’चे फलक लावतात. कर्नाटक वा महाराष्ट्राच्या मातीशी लुडविगच्या लग्नाचा संबंध काय? तेथे घोडे नाहीत, शेतकरी नाहीत, महापौर नाही. तंबूचा कायदाही नाही. उचलले आहे ते केवळ पिंप. त्यातही मुहूर्त असा, की कधी घटस्थापना तर कधी कोजागिरी आडवी येते आणि घरातला तरुण मुलगा आटवलेल्या दुधाच्या वाटीऐवजी फेसाळ पेला निवडतो. घटनेच्या ४७ व्या कलमाने राज्याला मद्यनिषेधाची दिशा दाखवली आहे. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा असून त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. फलक लावणाऱ्यांना आणि त्याखाली छायाचित्रे काढून घेणाऱ्यांना हे आठवत असेल, अशी आशा करणे भाबडेपणाचे होईल. आपल्याकडेही सोमरस होता, असा युक्तिवाद या वेळी हमखास पुढे येतो. यज्ञाचा दाखला देणाऱ्या या मंडळींनी आयुष्यात एकदा तरी समिधा हातात धरली असती, तर तो ऐकून घेता आला असता.

असे फलक फाडून, तंबू उधळून काही साधत नाही. उलट विकणाऱ्याला फुकटची प्रसिद्धी मिळते. प्रश्न आपल्या अंगणातला आहे आणि तो अधिक अवघड आहे. लोकमान्यांनी १८९३ पासून ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यासाठी आपली लेखणी आणि वाणी झिजवली, त्याचे आपण काय केले? ज्या २००५ साली म्युनिकने आपल्या तंबूंचा आवाज खाली आणला, त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना आवर घालणारा निर्णय दिला. म्युनिकमध्ये नियम आला आणि पाळला गेला. आपण सणांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत मागून घेतली आणि उरलेल्या तासांसाठी पळवाट शोधली. विसर्जनाच्या दिवशी मद्याची दुकाने बंद असतात, तरी मिरवणुकीत भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढे नाचणाऱ्यांच्या तोंडाला कसला वास येतो, हे कडेला उभ्या असलेल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. ढोल-ताशा, लेझीम, मेळे, व्याख्याने यांतले किती उरले? म्युनिकच्या आपल्या तरुणाला पितळी वाद्ये ऐकताना नेमके हेच टोचले असेल, तर त्यात नवल नाही.

त्या रात्री साडेअकराला तंबू रिकामे झाले. पुण्यात तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. परतीच्या भुयारी गाडीतून त्याने घरी दूरध्वनी केला असेल, तर संवाद काहीसा असा झाला असेल :

“बाबा, जागे आहात? आपल्या मंडळाचे गणपती पोहोचले का?”

“कुठले रे! अजून चौकातच आहेत. बाराला आवाज बंद करावा लागला, म्हणून पोरे रस्त्यातच थांबली आहेत. सहा वाजले की भिंत पुन्हा सुरू होईल, मग पुढे सरकतील म्हणे.”

“आणि मूर्तीजवळ कोण आहे?”

“गुरुजी होते मघापर्यंत. आता दोघे-तिघे आहेत, पण झोपलेत.”