गोदीतला दरारा आणि एक साक्ष

एलिया कझान यांचा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४) न्यूयॉर्क बंदरातल्या टोळीराज्याची कथा सांगतो. तिचे मूळ पत्रकारितेत आहे. माल्कम जॉन्सन यांनी १९४८ मध्ये ‘न्यूयॉर्क सन’ दैनिकात बंदरातल्या गुन्हेगारीवर २४ लेखांची मालिका लिहिली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळाले. तिच्या आधारे बड शूलबर्ग यांनी पटकथा रचली. चित्रीकरण हडसन नदीपलीकडच्या होबोकेनमध्ये, ऐन थंडीत, खऱ्या गोदी कामगारांना सोबत घेऊन झाले.

खंडणीखोरी कशी चालते हे इतक्या नेमकेपणाने फार थोड्या चित्रपटांनी दाखवले आहे. रोज सकाळी कामगार धक्क्यावर गोळा होतात आणि मुकादम मर्जीतल्यांना काम देतो. उद्याच्या रोजाची शाश्वती नसल्याने युनियनचा म्होरक्या जॉनी फ्रेंडली याचा दरारा आपोआप टिकतो. कामाचे बिल्ले जमिनीवर विखुरतात आणि एरवी एकमेकांच्या आधाराने जगणारी माणसे त्यांच्यावर तुटून पडतात, हा प्रसंग कुठल्याही खुनापेक्षा जास्त हादरवतो. तोंड उघडणाऱ्याचे आधी काम जाते, मग जीव.

टेरी मॅलॉय हा माजी मुष्टियोद्धा याच टोळीच्या आश्रयाने जगतो. त्याच्या नकळत टोळी त्याला जोई डॉयलच्या खुनासाठी वापरून घेते. जोईची बहीण ईडी आणि फादर बॅरी यांच्यामुळे तो अखेर बंदरातल्या गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे साक्षीला उभा राहतो. टॅक्सीतल्या प्रसंगात थोरला भाऊ पिस्तूल रोखतो, तेव्हा टेरी झालेला मार्लन ब्रँडो ते हळुवार बाजूला सारतो. त्या एका हालचालीत सगळी भावाची माया आणि सगळी निराशा येते.

कझान यांनी स्वतः १९५२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगितली होती. त्यामुळे हा चित्रपट त्यांचे आत्मसमर्थन मानला गेला. पण टेरीची साक्ष खुन्यांविरुद्ध आहे. कझान यांच्या सहकाऱ्यांनी कुणाचा जीव घेतला नव्हता. ही तुलना टिकत नाही. चित्रपट मात्र टिकतो.

त्याला आठ ऑस्कर मिळाली. मुंबईत बनलेल्या ‘गुलाम’ (१९९८) या हिंदी चित्रपटाची प्रेरणाही तोच.

शूलबर्ग यांनी पटकथेत एक छोटा प्रसंग ठेवला आहे. टोळीचा खरा धनी बंगल्यात बसून टेरीची साक्ष दूरचित्रवाणीवर पाहतो. फ्रेंडलीचा फोन आला तर आपण घरी नाही असे सांगायला तो नोकराला बजावतो. त्याचा चेहरा दिसत नाही, आणि त्याला शिक्षाही होत नाही.