घड्याळ कुणाचं?

"जर्मन माणूस वेळेचा पक्का, गालिसियाचा माणूस ढिला." हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. आज त्याच्याशीच भांडायचं आहे.

माझी नात ड्रेस्डेनला दहावीत शिकते. तिचा वर्ग विद्यार्थी-अदलाबदलीत स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसियातल्या सांतियागोला जाऊन आला. परतल्यावर शाळेने मुलांकडून 'सांस्कृतिक फरक' असा तक्ता करून घेतला. एका बाजूला जर्मन: वेळ पाळतात, स्पष्ट बोलतात. दुसऱ्या बाजूला गालिसियन: जेवायला उशीर करतात, सरळ उत्तर देत नाहीत. तक्त्याला म्हणे शाबासकी मिळाली!

मंडळी, मी आयुष्यभर भूगोल शिकवला. एका रेखांशाला चार मिनिटं, हे आमच्या सातवीतल्या पोरांनाही पाठ असायचं. ड्रेस्डेन पूर्वेला पावणेचौदा अंशांवर, सांतियागो पश्चिमेला साडेआठ अंशांवर. म्हणजे दोन्हीकडच्या मध्यान्हात जवळजवळ दीड तासाचा फरक. आणि भिंतीवरचं घड्याळ? दोन्हीकडे एकच! उन्हाळ्यात ड्रेस्डेनला मध्यान्ह होते एकच्या सुमारास, सांतियागोला अडीचच्या. मग अडीचला जेवणारा उशिरा जेवला, असं कोणी ठरवलं? सूर्याने तर नाही.

खरी गंमत पुढेच आहे. भूगोलाने पाहिलं तर स्पेनचं घड्याळ इंग्लंड-पोर्तुगालबरोबर असायला हवं. तसं ते होतंही. १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत ते तासभर पुढे केलं, आणि मध्य युरोपाची, म्हणजे बर्लिनचीच वेळ तिथे कायम झाली. आजही तुईहून मिन्यो नदीचा पूल ओलांडून पोर्तुगालमध्ये पाऊल टाकलं की घड्याळ एक तास मागे करावं लागतं. म्हणजे गालिसियाच्या भिंतीवर बर्लिनचं घड्याळ टांगायचं, आणि वर त्यालाच उशीर करतोस म्हणून नावं ठेवायची. ह्याला काय म्हणावं?

ढिलेपणाचं म्हणाल तर तिथल्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेले 'पेर्सेबेस' काढणारी माणसं ओहोटीच्या वेळेला बांधलेली असतात. लाट कुणासाठी थांबत नाही. १९६० च्या करारानंतर स्पेनमधून कितीतरी कामगार पश्चिम जर्मनीच्या कारखान्यांत गेले, त्यांत गालिसियाचेही होते. जर्मनी उभी करायला जे हात चालले, त्यांच्या नातवंडांना आता वेळेचे धडे!

दुसरा आरोप, सरळ उत्तर न देण्याचा. गालिसियाचा माणूस जिन्यावर भेटला तर चढतोय की उतरतोय ते कळत नाही, असा विनोद खुद्द स्पेनमध्येच करतात. विचारलं की "देपेन्दे", म्हणजे "ते अवलंबून आहे". आपल्या "बघू या" सारखंच की! आपण "बघू या" म्हणतो तेव्हा समोरच्याला तोंडावर नकार द्यायचा नसतो. जर्मन थेट "नाही" म्हणतो, त्यात उद्धटपणा नसतो, तसा ह्यात लबाडपणा नसतो. दोन्ही सभ्यतेच्याच रीती.

आणि तक्त्यात भाषेचा उल्लेखच नाही! मुलं स्पॅनिश शिकून गेली. यजमान घरातली आजी बोलायची ती गालिसियन, पोर्तुगीजची सख्खी बहीण. १९८१ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने तिला स्पॅनिशच्या बरोबरीचा दर्जा दिला, पण २०१० च्या सरकारी आदेशाने शाळेतलं गणित, भौतिक-रसायन आणि तंत्रज्ञान स्पॅनिशमध्ये नेलं. घरात एक भाषा आणि विज्ञानाला दुसरी, ही कळ मराठी माध्यमात शिकलेल्या मला समजते. लिहिण्यासारखं होतं ते हे.

कुणी म्हणेल, "अहो, मुलांचा साधा तक्ता, एवढं काय त्याचं?" पण पंधराव्या वर्षी मनात बसलेलं लेबल पन्नाशीतही निघत नाही. पुढे हीच मुलं अधिकारी होतील, माणसं नोकरीला घेतील. युरोपात 'दक्षिणेकडचे आळशी' हे ऐकू येतं, ते अशाच तक्त्यांतून मोठं होतं.

फरक नसतातच असं मी म्हणत नाही. असतात, आणि ते बघायलाच तर जायचं. पण तक्त्याला तिसरा रकाना हवा: 'का?' तो भरल्याशिवाय गुण देऊ नयेत, असं माझ्यातली मास्तरीण म्हणते.

असो. तुमची नातवंडं असे तक्ते घेऊन आली तर आधी नकाशा उघडा. आणि तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा, मी भांडायला तयार आहे!