परांचीवर चढण्यापूर्वी



ज्वारीची सुगी आटोपली, की आपल्याकडची तरुण पोरे पिशवीत दोन कपडे टाकून पुण्या-मुंबईला बांधकामावर निघतात. कुणी बिगारी, कुणी सेंटरिंगवर, कुणी परांचीवर चढून गिलावा करायला. निघताना घरची माणसे बजावतात, "वेळेवर जेव, पैसा जपून ठेव." उंचावर काम करताना दोरी कशाला बांधतोस, हे मात्र कुणी विचारीत नाही. यंदा तेवढे विचारा.

सोळा फुटांवरून पडलेला माणूस एका सेकंदात जमिनीवर येतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या घरात असतो. सावरायला सवडच मिळत नाही. म्हणून पडूच नये अशी व्यवस्था आधी हवी. परांचीच्या फळ्या एकमेकींना भिडवून बांधलेल्या असाव्यात. बाहेरच्या अंगाला कमरेच्या वर कठडा, त्याच्या निम्म्यावर आणखी एक आडवा दांडा, आणि कडेला उभी पट्टी, म्हणजे थापी किंवा वीट खालच्याच्या डोक्यावर जात नाही. लिफ्टच्या खड्ड्याला आडोसा पाहिजेच. स्लॅबमधल्या भोकावर नुसती फळी टाकणे तर फार वाईट. कुणीतरी ती उचलून दोन्ही हातांत धरून पुढे पाऊल टाकतो, आणि ते पाऊल नेमके भोकात पडते.

जिथे कठडा घालता येत नाही तिथे पट्टा. पण कोणता? नुसता कमरेचा पट्टा असला तर सारा हिसका पोटावर आणि मणक्यावर बसतो. अमेरिकेत बांधकामावर पडणाऱ्याला अडवण्यासाठी असा पट्टा वापरायला 1998 पासून बंदी आहे. खांदे, छाती आणि मांड्या यांतून जाणारा पूर्ण पट्टा मागा.

आता हिशेब पाहा. सहा फुटांची दोरी पायाजवळ अडकवली आणि पट्ट्याची कडी पाठीवर, पायापासून पाच फुटांवर असली, तर दोरी ताणेपर्यंत माणूस 11 फूट खाली आलेला असतो. खालचा मजला असतो 10 फुटांवर! पट्टा अंगावर असून उपयोग काय? म्हणून हूक डोक्याच्या वर, पक्क्या ठिकाणी अडकवायचा. परांचीचा बांबू किंवा पाण्याचा नळ ही काही पक्की जागा नव्हे. पट्ट्याने एकदा कुणाला झेलले, की तो पुन्हा वापरायचा नाही. आणि लटकलेल्याला लगेच उतरवा. पाय लोंबते राहिले तर रक्त पायांत साचून माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

मुकादम म्हणेल, "पट्टा तुझा तू आण." ऐकू नका. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला, 1998 साली केंद्राचे नियम आले, पुढे 2020 साली संसदेने नवी संहिता संमत केली. सुरक्षिततेचा खर्च मजुराकडून घ्यायचा नाही, असे तीत स्पष्ट आहे. शिवाय 18 ते 60 वयाच्या मजुराने वर्षात 90 दिवस बांधकामावर काढले असतील, तर कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येते. ठेकेदाराकडून दिवसांचा दाखला काम चालू असतानाच घ्या. काम संपल्यावर ठेकेदार फोन उचलीत नाही.

आणि परगावी जाणाऱ्यांनाच कशाला सांगायचे? मृगाआधी गोठा शाकारायला आपणही चढतोच की. मी सिमेंटच्या पत्र्यावर चढलो होतो, आणि जुना पत्रा पायाखाली पापडासारखा फुटला. मांडी वाशाला अडकली म्हणून खाली बैलाच्या शिंगांवर गेलो नाही. तेव्हापासून दोन वाशांवर टेकतील अशा दोन लांब फळ्या गोठ्यामागे ठेवल्या आहेत, त्यांवरूनच चालायचे. शेजारीपाजारी त्या मागून नेतात. परत मात्र निरोप धाडल्याशिवाय येत नाहीत.